विचुंब्यात दादाची चाल

बुधवारी सकाळी दादा गेला. त्याने पाणी मागितलं. मी आणायला आत गेले. परत आले तेव्हा तो गेला होता.

तेरावं झाल्यावर घराला कुलूप लागलं आणि मी बाजाची पेटी घेऊन कणकवली स्टेशनवर उभी राहिले. माझी भाची मानसी मला न्यायला आली होती. तिच्या हातात माझी बॅग, माझ्या हातात जुन्या चादरीत बांधलेली पेटी. पोचवायला वसंत आला होता. दादा गावच्या भजनाचा बुवा, म्हणजे पुढे बसून गाणारा. वसंत त्याचा पखवाज. दोघे शाळेपासून एकत्र वाजवायचे. गाडीला उशीर होता. वसंत रुळांकडे बघत म्हणाला, "पेटी नेतंस ती ने गो. पण ती चाल तुझ्याकडे आसा. वर्षाच्या भजनाक आमका ती होयी."

मी म्हटलं, पाठवते. तेव्हा मला वाटत होतं की ती माझ्याकडे आहे.

गावात राहिलेल्या आणि माझ्याआधी गाव सोडलेल्या, दोन्हीकडच्या माणसांनी मला विचारलं आहे की त्या वर्षात मी फोन का उचलत नव्हते. काही जणांना वाटलं, पनवेलला जाऊन बाई बदलली. तसं नव्हतं. एक गोष्ट माझ्याकडून हरवत चालली होती आणि ती सापडेपर्यंत कोणाशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

चालीचं सांगते. भजन संपत आलं की आपल्याकडे गजर होतो. लय वाढते, सगळे मोठ्याने म्हणतात. दादाने शेवटच्या दोन वर्षांत एका जुन्या अभंगाला गजराची नवी चाल लावली होती. शब्द सगळ्यांना पाठ, चाल कोणालाच माहीत नाही, कारण तोवर तो देवळात जाईनासा झाला होता. चिऱ्यांच्या खाणीवर जन्म गेला, ती धूळ छातीत बसली. संध्याकाळी घरी पडवीत तो गायचा आणि मी पेटी धरायची. देवळातल्या भजनात मी कधी पेटीवर बसले नाही. तिथे बायका भिंतीकडे बसून ऐकतात. मी शाळेतली ग्रंथपाल, पेटी घरापुरती. वसंत अधूनमधून यायचा, एखादी ओळ ऐकायचा, मान हलवायचा. "पुरी कर, मगे पखवाज घेऊन येतंय," म्हणायचा. चाल पुरी झाली तेव्हा दादाला बसवत नव्हतं. पुरी चाल मी एकटीने ऐकली.

पनवेलजवळ करंजाड्यात मानसीची सदनिका सातव्या मजल्यावर आहे. बाल्कनीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसते. तिथे कोणीतरी रोज त्याच वेळी तेच टी-शर्ट वाळत घालतं. मानसी सकाळी बेलापूरला ऑफिसला गेली की मी दार लावून पेटी काढायची. पहिली ओळ यायची. दुसऱ्या ओळीत बोटं मध्येच उभी राहायची. पुढे कुठे जायचं ते कळायचं नाही. परत पहिल्यापासून. परत तिथेच.

पहिले काही दिवस वाटलं, मन थाऱ्यावर नाही म्हणून होतंय. मग लक्षात आलं ते वाईट होतं. मला ती चाल कधी येतच नव्हती. मला दादाच्या मागून जाता येत होतं. त्याचा आवाज जिथे वळेल तिथे बोट जायचं, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, इतकं सवयीने की मला वाटायचं मीच वाजवते आहे. आवाज गेला आणि बोटांना रस्ता उरला नाही. आणि रोज चाचपडताना मी जे चुकीचं वाजवत होते ते कानात बसत चाललं होतं. आज एक सूर सरकायचा, उद्या दुसरा. जितकी शोधत होते तितकी पुसत होते. काही दिवस मी पेटीला हातच लावला नाही, मग भीती वाटली की न लावल्यानेही ती जाईल.

"मावशी, मामाचं एकही रेकॉर्डिंग नाहीये का?" मानसीने विचारलं.

नव्हतं. तो मोबाइल समोर धरला की गप्प बसायचा. "बरी झाली की घे," म्हणायचा. बरी म्हणजे चाल, स्वतः नव्हे.

वसंतचे मेसेज येत होते. आधी "पाठवतंस काय?" मग नुसतं "?" दिवाळी गेली. मग त्याने एकदा फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "पोरां इचारतत. मी तेंका सांगितलंय, तिच्याकडे आसा." मी हो म्हटलं.

त्यातच पेटीचा भाता गेला. दाबला की हवा कुठून तरी फुसकन निघून जायची. पनवेलच्या बाजारात सलीमभाईंचं दुकान आहे, मिक्सर आणि इस्त्रीच्या दुरुस्तीचं. पण मागच्या फळीवर दोन पेट्या आणि एक बेंजो दिसला म्हणून मी थांबले. त्यांनी चादर सोडून भाता उघडला, नाकाशी नेला.

"मॅडम, कातडं खलास. बाकी तबियत ठीक आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कोण वाजवतं?"

"मीच."

"कुठे?"

मी चादरीची घडी घालू लागले. त्यांनी भात्याचं काम केलं, आणि पेटी परत देताना म्हणाले, "रविवारी दुपारी विचुंब्याला या. नामाकाकांच्या ओट्यावर बैठक असते. पेटीवाला आमचा दुबईला पळाला. या, नाहीतर मला बेंजोवर सगळ्यांना ओढावं लागतं."

मी गेले, ते गाण्यासाठी नव्हे. घरात बसवत नव्हतं म्हणून गेले.

विचुंब्यात नव्या इमारतींच्या मध्ये नामाकाकांचं बैठं घर उरलं आहे. पुढे शहाबादी फरशीचा ओटा, ओट्याच्या टोकाला काकी मासळी साफ करत बसलेल्या, आणि रस्त्यापलीकडे रेल्वे. मालगाडी गेली की कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. तरी कोणी थांबत नाही. ती निघून गेल्यावर सगळे एकाच जागी सापडले तर काका खूश होतात. ढोलकी काकांची. शेती होती तोवर शेती केली, आता मुलं भाड्याने गाड्या लावतात आणि काका ढोलकी वाजवतात. बाकी चार-सहा माणसं येतात-जातात. कोणी धुळ्याकडचं, कोणी साताऱ्याकडचं, सगळे इथे फ्लॅट घेऊन आलेले.

पहिल्या दिवशी मी चादर सोडली तेव्हा काका म्हणाले, "बाय, पेटी हाय का बालंतीन? किती गुंडालताव तिला!"

सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

त्या ओट्याचे दोन नियम आहेत. गाणं सुरू झालं की मध्ये थांबवायचं नाही; चुकलं तर चुकीसकट पुढे जायचं. आणि येणाऱ्याने कधीतरी आपल्या गावचं एक गाणं मध्ये टाकायचं. टाकलं की ते ओट्याचं. धुळ्याच्या गृहस्थांनी टाकलेलं लग्नाचं गाणं आता सलीमभाई बेंजोवर असं वाजवतात की ते गृहस्थ म्हणतात, माझ्या आजीने ओळखलं नसतं. पण म्हणतात आणि झांज घेतात.

मागून जाणं मला येत होतं. कोणीही गावं, कुठल्याही पट्टीत, मी दोन ओळींत त्याच्यापाशी पोचायची. महिनाभर मी तेवढंच केलं. दर रविवारी फेरी माझ्यापर्यंत आली की मी म्हणायची, पुढच्या वेळी. सलीमभाई विषय बदलायचे. काका बदलू द्यायचे नाहीत.

"बाय, तुमी लय ग्वाड वाजवताव. पन कवाच्या आमच्या मागून मागून येताव. येक दिस पुढं चला ना."

"माझ्याकडे गाणं नाही, काका."

"गाव हाय ना? मंग गानं हाय."

दर शनिवारी जायचं नाही असं ठरवायची आणि जायची. एकीकडे वसंतचं "?" आणि दुसरीकडे काकांचं "चला ना". दोघांना एकच गोष्ट हवी होती आणि ती माझ्याकडे नव्हती. त्यात एक भीती अशीही होती, की चुकून सापडलीच, तर ती आधी परक्या ओट्यावर जाईल, आणि ती माणसं तिचं त्या लग्नाच्या गाण्यासारखं काहीतरी करतील.

शेवटी एका रविवारी फेरी आली, मी पुढच्या वेळी म्हटलं, आणि काकांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.

"मंग आज बंद."

काकींनी मान वर करून बघितलं. सलीमभाई बेंजोच्या तारा पुसत राहिले. मी म्हटलं, "मला गाता येत नाही. एक अभंग आहे. तुम्हाला येत असेल. तुम्ही गा, मी वाजवते." आणि शब्द सांगितले.

"हा! यो तं माज्या बाचा," काका म्हणाले आणि त्यांनी ढोलकी उचलली.

त्यांनी तो त्यांच्या बापाच्या चालीत धरला. उंच, मोकळा, शेतात हाक मारावी तसा. मी नेहमीप्रमाणे मागून निघाले. आणि पहिल्या ओळीच्या शेवटी काकांचा आवाज वर गेला तेव्हा माझी बोटं खाली गेली. मी त्यांना वर न्यायला बघितलं, ती जाईनात. काकांनी माझ्याकडे एक नजर टाकली. ती तक्रार करणारी नव्हती. कुठे निघालीस असं विचारणारी होती. पुढच्या फेरीला पुन्हा त्यांचा आवाज एकीकडे, माझी बोटं दुसरीकडे. पडवीत दादा शेजारी बसलेला असताना ती जिथे जायची तिथेच ती निघाली होती. दुसऱ्या कोणाच्या गळ्यातून ते शब्द कानावर पडल्याशिवाय त्यांना तो रस्ता दिसत नव्हता, आणि चुकीचा रस्ता दिसल्यावर बरोबर कुठला ते त्यांना कळलं.

तिसऱ्या फेरीला काकांनी आपली चाल सोडली आणि ते माझ्या मागून आले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या मागून आलं.

दुसरी ओळ आली. मध्यावर माझी बोटं उभी राहिली, जिथे ती सातव्या मजल्यावर रोज उभी राहायची. सूर धरलेला, डावा हात भाता भरत होता. काका थांबले. ढोलकी थांबली. बेंजो थांबला. मग बोटं पुढे निघाली आणि सगळे निघाले. पुढच्या फेरीला त्याच जागी सगळे आपणहून थांबले, आणि एकत्र उचललं. ओटाभर "वा" झालं. मानसी त्या दिवशी मला न्यायला लवकर आली होती. तिने मोबाइल वर धरला होता.

रात्री मी ते रेकॉर्डिंग वसंतला पाठवलं. सकाळी त्याचा फोन आला. तो रडत होता आणि रागावलेलाही होता.

"चाल तीच आसा. तीच! पण मधी थांबलंस कित्याक?"

"दादा थांबायचा."

"अगो, तेका दम लागायचो म्हणून तो थांबायचो! ता चालीत नाय. मी सुरुवातीक ऐकलंय ना ती ओळ, सलग होती. गजरात कोण थांबता? आम्ही ता काढून टाकतलंव."

तो बरोबर होता. मी फोन ठेवला आणि मला सगळं नीट आठवलं: पडवी, दादाची वर आलेली खांद्यांची हाडं, तो हवा आत घेत असताना मी धरून ठेवलेला सूर. शेवटी शेवटी तो थांबा इतका लांबायचा की मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. सातव्या मजल्यावर मी चाल विसरून अडत नव्हते. मी त्याची वाट बघत होते.

पुढच्या रविवारी मी ओट्यावर गेल्या गेल्या सांगितलं की गाण्यात एक चूक आहे, दुसऱ्या ओळीत थांबायचं नाही.

"चूक कसली?" काका म्हणाले. "तीच तं मजा हाय. माज्या ढोलकीला ती जागा लय आवडते."

"ती जागा नाहीच. माझ्याकडून चुकून झालं."

"मॅडमचं गाणं आहे," सलीमभाई म्हणाले. "मॅडम म्हणतील तसं."

"दिलं तवा मॅडमचं व्हतं. आता वट्याचं हाय." पण काकांनी ढोलकी घेतली. "चला, करून बगू."

केलं. काका न थांबता पुढे गेले, सलीमभाई थांबले, धुळ्याचे गृहस्थ झांज उचलून तसेच राहिले, आणि सगळं एकमेकांवर आदळलं. दुसऱ्यांदाही तेच. सगळे पोट धरून हसायला लागले. काकी टोकावरून ओरडल्या, "अवो, मालगारी रूलावरून उतरली तुमची!"

मला हसता येईना. ती माणसं कशावर हसत होती ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. मी पेटी चादरीत बांधली आणि उठले. काका म्हणाले, "बाय, रागावू नुको." त्यानंतर मी विचुंब्याला गेले नाही. सलीमभाईंच्या दुकानावरून जायचं टाळून लांबच्या रस्त्याने भाजी आणायची.

दादाच्या वर्षाच्या भजनाला मी गावी गेले. घर उघडलं, झाडलं. संध्याकाळी देवळात गेले आणि सवयीने भिंतीकडे वळले. वसंतने सगळ्यांसमोर हाक मारली, "खंय चललंस? पेटयेर तू." पुढे बसलेल्यांपैकी एक-दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी जाऊन बसले.

नवीन बुवा तरुण आहे, छाती भरून गातो. गजर आला. वसंतचा पखवाज चढत गेला, देऊळ भरून गेलं, आणि दादाची चाल मी पहिल्यांदा सलग ऐकली. त्याला जशी हवी होती तशी. दम असता तर तो अशीच गायला असता. मला ते कळत होतं, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माझा हात थांबला.

गाणं पुढे निघून गेलं. चाळीस-पन्नास माणसांचा आवाज माझ्या अंगावरून गेला आणि मी सूर धरून बसले होते. वसंतने पखवाजावरून माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. तो थांबला नाही, थांबायचं कारण नव्हतं. मी धावत जाऊन पुढच्या ओळीत त्यांना गाठलं. परत तीच जागा आली तेव्हा दात आवळून बोटं पुढे ढकलली. ती गेली. शेवटपर्यंत गेली. लोक म्हणाले, बाईने पेटी चांगली धरली.

देवळाच्या पायरीवर वसंत माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "बरोबर झाला मा?"

"बरोबर झालं," मी म्हटलं. खरंच बरोबर झालं होतं. त्याने खूप वर्षांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. मग तो झांजा गोळा करायला आत गेला.

दोन दिवसांनी परतीच्या गाडीत मी पेटी मांडीवर घेऊन बसले होते. रोह्याच्या पुढे मानसीचा फोन आला, कुठे पोचलीस, काय आणू जेवायला. मी सांगितलं की रविवारी दुपारी मला विचुंब्याला सोड.

काकी कोलंबी सोलत होत्या. मला बघून हात न थांबवता म्हणाल्या, "आलीस? बस. गानं तसंच ठेवलंय. बदलाया गेलं का सगली धरपरतात." काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, सरकून जागा केली. सलीमभाई म्हणाले, "भाता बघू. प्रवासात हलला असेल." हलला नव्हता.

त्या थांब्याचं कारण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते जपून थांबतील, आणि जपून थांबलेलं मला नको आहे.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं. गावच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे आणि गणपतीला मी ते उघडते. करंजाड्यात माझं कपाट आहे. चाल गावात आहे. ती नीट म्हटली जाते आणि म्हटली जाईल, तिची काळजी मला उरलेली नाही. रविवारी दुपारी मी विचुंब्याला जाते. नामाकाका गातात, मी पेटी धरते. दुसऱ्या ओळीत आम्ही थांबतो, आणि मग पुढे जातो.